गोल्डफिश आणि टाकीतले पाणी : वाचकांचे प्रश्न

या वेळी सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे गोल्डफिशविषयी होती आणि त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता : मासा आजारी आहे, औषध सुचवा. म्हणून हे सदर या खेपेस केवळ याच माशाला दिले आहे. औषधाच्या प्रश्नाला मी अनेक ठिकाणी पाण्याविषयी उलट प्रश्न विचारला आहे, त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये. घरच्या टाकीत मरणाऱ्या दहांतील फार थोड्या गोल्डफिशना खरा रोग झालेला असतो, असे मला इतक्या वर्षांच्या निरीक्षणातून ठामपणे वाटते.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला आम्ही दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणले. दुपारी टाकी मांडली, पाणी भरले आणि संध्याकाळी मासे सोडले. चार-पाच दिवस ते छान पोहत होते. आठव्या दिवशी एक मेला, दहाव्या दिवशी दुसरा. उरलेले दोघे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन सारखी तोंडाची उघडझाप करतात. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ आहे. दुकानातून निळे औषध दिले आहे, ते किती थेंब घालावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ते औषध तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या माशांना बहुधा कोणताही संसर्ग झालेला नाही. ते स्वतःच्याच मलमूत्राने विषारी झालेल्या पाण्यात श्वास घेत आहेत. मासा खातो त्यातील प्रथिनांचा उरलेला भाग अमोनियाच्या रूपाने मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकला जातो. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ दिसत असतानाही ते घातक असू शकते. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर राहणारे जिवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण ते रक्तात शिरून प्राणवायू वाहण्याची रक्ताची क्षमता कमी करते. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते आणि आठवड्याच्या आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. ही जिवाणूंची वस्ती नव्या टाकीत जन्माला येण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीला ते मिळाले नाहीत, आणि त्या कोऱ्या टाकीवर एकदम चार माशांचा भार पडला.

आज करावयाची गोष्ट म्हणजे टाकीतील निम्मे पाणी बदलणे. नव्या पाण्यातील क्लोरिन अगोदर घालवलेला असावा आणि त्याचे तापमान टाकीतल्या पाण्याच्या जवळपास असावे. पुढचे तीन-चार आठवडे रोज पाव ते निम्मे पाणी बदलत राहावे, खाणे दिवसाआड आणि चिमूटभरच द्यावे, आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचा, थेंब टाकून रंग पाहण्याचा संच अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळतो. तो माशांपेक्षा महाग पडतो, तरीही आधी तो घ्या असेच मी सांगेन. दोन्ही आकडे सतत शून्य येऊ लागले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी स्थिरावली असे समजावे. ओळखीच्या कोणाकडे वर्षानुवर्षे चालू असलेली, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा एक तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. दह्याला विरजण लागावे तशी ही वस्ती त्यातून लवकर वाढते. नायट्राइट वाढलेले दिसल्यास दर लिटरला एक ग्रॅम खडेमीठ विरघळवून घातल्याने मोठा आधार मिळतो, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. क्लोराइड आणि क्लोरिन हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

निळे औषध म्हणजे बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू असते. त्याचा वेगळ्या भांड्यात, ठरावीक कारणासाठी उपयोग आहे, पण मुख्य टाकीत ते घातले की ज्या जिवाणूंची आपण वाट पाहत आहोत त्यांनाच ते मारते.

एक गोष्ट मात्र पाणी बदलून सुटणार नाही. तुमच्या टाकीचे माप हिशेबाने सुमारे 56 लिटर भरते आणि खडे व वरची मोकळी जागा वजा जाता त्यात जेमतेम 45 लिटर पाणी राहते. एका गोल्डफिशसाठी किमान 75 लिटर आणि पुढच्या प्रत्येकासाठी आणखी 40 लिटर, हा माझा हिशेब आहे. दुकानात दोन इंचांचा दिसणारा हा मासा पिल्लू असतो. लांब, सडपातळ अंगाचे कॉमेट आणि शुबंकिन योग्य जागेत एक फुटापर्यंत वाढतात, आणि गोल पोटाचे ओरांडा, र्‍युकिन, ब्लॅक मूर हेही सहा ते आठ इंचांचे होतात. उरलेल्या दोघांसाठी वर्षभरात साडेतीन फुटांची टाकी करण्याची तयारी ठेवा.

प्रश्न : घराच्या वास्तुशांतीनंतर आम्हाला ईशान्य कोपऱ्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवण्यास सांगण्यात आले. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. दीड वर्षात आम्ही अकरा मासे पुन्हा पुन्हा आणून नऊची संख्या राखली. ‘मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने घेतले’, असे सगळे म्हणतात, पण मला ते पाहवत नाही. (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : तुम्हाला ते पाहवत नाही, हे वाचून बरे वाटले, कारण त्या अकरा माशांच्या मरणाचे कारण तुमच्या पत्रातील मापातच आहे. श्रद्धेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. माशांना लागणाऱ्या पाण्याविषयी मी सांगू शकतो. वर दिलेल्या हिशेबाने नऊ गोल्डफिशना जवळजवळ 400 लिटर पाणी हवे, म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी. पाणी, काच आणि खडे मिळून तिचे वजन अर्ध्या टनाच्या आसपास जाते, आणि ती कोठेही ठेवण्यापूर्वी जमिनीचा विचार करावा लागतो. तुमच्या टाकीत सुमारे 100 लिटर पाणी मावते. त्यात एक गोल्डफिश सुखाने राहील.

नऊ हा आकडा आणि रंग घरातील मोठ्यांसाठी महत्त्वाचे असतील तर त्यावर सोपा तोडगा आहे. आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी मॉली ठेवा. हे मासे दोन-तीन इंचांपलीकडे जात नाहीत, त्यांना आपल्याकडचे उबदार आणि थोडे कठीण पाणी मानवते, आणि तुमच्या टाकीत ते आरामात मावतात. घेताना सर्व नर घ्यावेत, नाहीतर हे पिल्ले घालणारे मासे असल्याने सहा महिन्यांत नवाचे नव्वद होतील. आताचे गोल्डफिश मोठी टाकी किंवा बागेत तळे असलेल्या माहितीच्या व्यक्तीला द्यावेत. मृत्यूचा अर्थ काय लावावा हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु पाणी पुरेसे असते तर ते मासे आज जिवंत असते, एवढे घरच्यांना अवश्य सांगा.

प्रश्न : आमच्या शुबंकिनच्या गालांवर पांढरे दाणे आले आहेत. दुकानदार ‘व्हाइट स्पॉट’ आहे म्हणाला. मासा खातो, पोहतो, उलट दुसऱ्या माशाच्या मागे सारखा धावतो. फेब्रुवारीपासून हे सुरू झाले. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्रात ‘गालांवर’, ‘धावतो’ आणि ‘फेब्रुवारी’ हे तीन शब्द नसते तर मीही दुकानदाराशी सहमत झालो असतो. थंडी सरून पाणी उबदार होऊ लागले की वयात आलेल्या नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि बाजूच्या परांच्या पहिल्या जाड काट्यावर बारीक, टणक, पांढरे दाणे उठतात. ही विणीच्या हंगामाची खूण आहे. दाणे दोन्ही बाजूंना सारखे असतात, धडावर आणि शेपटीवर विखुरलेले नसतात, आणि हंगाम सरला की आपोआप नाहीसे होतात. तो ज्याच्या मागे धावतो ती बहुधा मादी असावी. ती फार दमलेली, खवले निघालेली दिसली तर काही दिवस मध्ये जाळी लावून दोघांना वेगळे करावे. याहून अधिक काही करण्याची गरज नाही.

खरा व्हाइट स्पॉट कसा ओळखावा, हेही सांगून ठेवतो, कारण तो उपचाराविना प्राणघातक ठरतो. तो इक्थिओफ्थिरियस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. अंगावर, परांवर, शेपटीवर कोठेही साखर भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात, त्यांची संख्या रोज वाढते, मासा खड्यांवर अंग घासतो आणि पर मिटून कोपऱ्यात राहतो. ठिपक्याच्या आत असलेल्या परजीवीपर्यंत कोणतेही औषध पोहोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि नवा मासा शोधत पोहतात, तेवढ्या अवस्थेतच त्यांना मारता येते. म्हणूनच दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून उपचार थांबवणारे लोक आठवड्याने पुन्हा त्याच जागी येतात. गोल्डफिशसाठी मी मिठाचा उपचार पसंत करतो : दर लिटरला दोन ते तीन ग्रॅम खडेमीठ, दोन दिवसांत तीन हप्त्यांत विभागून, वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठ-दहा दिवस ते प्रमाण टिकवावे. पाणी बदलताना जेवढे लिटर काढले तेवढ्याच लिटरांचे मीठ पुन्हा घालावे. टाकीत जिवंत वनस्पती असतील तर त्या आधी बाहेर काढाव्यात, त्यांना हे मीठ सोसत नाही.

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा ओरांडा खाल्ल्यानंतर तासाभरात उलटा होऊन वर तरंगतो, संध्याकाळपर्यंत पुन्हा सरळ होतो. त्याला दिवसातून तीन वेळा तरंगणाऱ्या गोळ्या देतो, आणि माझे वडील प्रेमाने पोळीचे तुकडे घालतात. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले अन्न साठवण्यासाठी पिशवी नसल्याने ते थेट लांब आतड्यात जाते, आणि म्हणून एका वेळी फार थोडे खाणेच त्याला मानवते. त्यातच ओरांडासारख्या जातींचे अंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून इतके आखूड आणि गोल केले आहे की आतडे आणि तरंगण्यास मदत करणारे वाताशय एकमेकांवर दाटीने बसलेले असतात. आतडे फुगले की वाताशयावर दाब पडतो आणि मासा कलंडतो. वरून तरंगणारी गोळी टिपताना तो हवाही गिळतो, आणि पोळीतील पीठ आत गेल्यावर फुगते.

दोन दिवस त्याला काहीही देऊ नका. निरोगी मोठा गोल्डफिश त्याने अशक्त होत नाही. तिसऱ्या दिवशी मटाराचा एक दाणा उकडून, साल काढून, बोटाने चुरून द्या. त्यानंतर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या, त्याही टाकीतल्या पाण्यात काही मिनिटे भिजवून, दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपतील एवढ्याच घालाव्यात. आठवड्यातून दोनदा वाफवलेला पालक किंवा काकडीची पातळ चकती चालते. बाजारात जिवंत मिळणारे ट्यूबिफेक्सचे लाल किडे मात्र घालू नयेत. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत रोग आणतात. वडिलांना दुखवू नका, मटार सोलण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. मासा काचेजवळ येऊन शेपटी हलवतो तो माणूस ओळखून, कारण गोल्डफिशची स्मरणशक्ती काही सेकंदांची असते ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे; पण तो आला म्हणजे भुकेला आहे असे नव्हे. खाण्यात बदल करूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर बिघाड वाताशयाचाच असू शकतो, आणि तेव्हा मत्स्यरोगांची माहिती असलेल्या पशुवैद्यकास दाखवणे हाच मार्ग आहे.

प्रश्न : एप्रिल लागताच आमच्या टाकीचे पाणी 33 अंशांवर जाते. दुपारी दोन-दोन तास वीज नसते. गेल्या उन्हाळ्यात तीनपैकी दोन मासे गेले. बर्फ घातला तर चालेल का? (एक शिक्षिका, चंद्रपूर)

उत्तर : गोल्डफिश हा मूळचा चीनमधील थंड पाण्याचा मासा आहे आणि 18 ते 23 अंशांत तो सर्वांत सुखी असतो. विदर्भातील उन्हाळा त्याच्यासाठी दुहेरी संकट आणतो. 20 अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आणि त्याच वेळी उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. शिवाय पाणी जितके गरम तितका त्यातील अमोनियाचा विषारी वाटा अधिक. गेल्या वर्षी तुमचे मासे गेले ते केवळ उष्णतेने नव्हे, वीज गेल्यावर पाणी ढवळणे थांबले त्यामुळेही गेले असावेत.

मोकळा बर्फ घालू नये. नळाच्या पाण्याचा बर्फ क्लोरिनही सोबत आणू शकतो आणि तापमान झपाट्याने उतरवतो. बाटलीत पाणी गोठवून, बाहेरून धुऊन, झाकण घट्ट लावून तरंगत ठेवावी आणि काही तासांत दोन अंशांपेक्षा अधिक उतार होऊ देऊ नये. त्याहून चांगला उपाय तुमच्या भागाला निसर्गाने दिला आहे. ज्या तत्त्वावर तुमच्याकडचे कूलर चालतात, त्याच तत्त्वावर टाकीचे काचेचे झाकण काढून, जाळी लावून, टेबलफॅनचा झोत पाण्यावरून तिरपा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय फारसा साधत नाही, चंद्रपूरच्या कोरड्या हवेत उत्तम साधतो. उडून गेलेले पाणी रोज भरावे लागते, पण क्षार मागे राहतात, म्हणून ते भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्यतो तळमजल्यावर ठेवावी आणि दिवा संध्याकाळीच लावावा.

विजेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. तोही नसेल तर दर पंधरा मिनिटांनी तांब्याने टाकीतलेच पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा ओतत राहावे. हे काम घरातील मुले मनापासून करतात. दुपारी खाणे देऊ नये, पहाटे द्यावे. बंदिस्त डब्याचा फिल्टर असेल आणि वीज काही तास गेली असेल, तर आतील जिवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि पाणी कुजते. वीज आल्यावर ते साचलेले पाणी ओतून देऊनच फिल्टर सुरू करावा.

प्रश्न : गावात विहिरीचे पाणी येते, त्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर घालते. त्यापेक्षा घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी टाकीत वापरावे का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : नुसते आरओचे पाणी वापरू नये. त्यातील बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, आणि पाण्याचा सामू म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे क्षारही त्यातच जातात. अशा पाण्याचा सामू थोड्या आठवड्यांत घसरतो आणि मासा तेथे टिकत नाही. गोल्डफिशला 7 ते 8 या दरम्यानचा सामू आणि मध्यम कठीण पाणी आवडते, म्हणजे तुमच्या विहिरीचे पाणी त्याला मुळात योग्यच आहे. अडचण फक्त टीसीएलमधील क्लोरिनची आहे. माणसाला अपाय न करणारी त्याची मात्रा कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळते. पसरट तोंडाच्या पिंपात पाणी भरून एअर पंपाचा दगड सोडून चोवीस तास ठेवावे, किंवा दुकानात अँटिक्लोरिन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट बाटलीवरील प्रमाणात घालावे. पावसाळ्यात पावडरीचे प्रमाण वाढवले जाते, तेव्हा दोन्ही करावे. फिल्टरचा स्पंज मात्र कधीही नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

प्रश्न : टाकी साफ राहावी म्हणून गोल्डफिशसोबत सकर मासा ठेवला. आता तो नऊ इंचांचा झाला आहे आणि गोल्डफिशच्या अंगावर चट्टे दिसतात. सकर नदीत सोडून द्यावा का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नदीत, कालव्यात, विहिरीत कोठेही सोडू नका, ही कळकळीची विनंती आहे. तुमच्याच जिल्ह्यातील उजनी जलाशयात हा परदेशी मासा पसरला असून त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि त्याचा त्रास तेथील मच्छीमारांना रोज सोसावा लागतो. गोल्डफिशही याला अपवाद नाही. तोही बाहेर सोडला तर तळ ढवळून पाणी गढूळ करतो आणि मूळच्या माशांचे अन्न खातो. चट्टे सकरचेच असावेत, कारण मोठा झाल्यावर तो संथ माशांच्या अंगावरील बुळबुळीत थर चाटू लागतो. त्याला आजच वेगळे करून मोठी टाकी असलेल्या व्यक्तीला किंवा दुकानाला परत द्या. चट्टे पडलेल्या गोल्डफिशला स्वच्छ पाणी आणि दर लिटरला एक ग्रॅम मीठ पुरेसे आहे. काचेवरील शेवाळ हाताने पुसावे. ते काम कोणत्याही माशावर सोपवू नये.

प्रश्न : माझा गोल्डफिश अकरा वर्षांचा आहे. पूर्वी तो केशरी होता, आता जवळजवळ पांढरा झाला आहे आणि बराच वेळ तळाशी शांत असतो. खाणे व्यवस्थित आहे. काही उपचार करावा का? (एक निवृत्त वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पर ताठ असतील, श्वास संथ असेल आणि पाण्याचे आकडे ठीक असतील तर काहीही करू नये. वयोमानाने गोल्डफिशचा रंग फिकट होतो. इंग्लंडमधील टिश नावाचा गोल्डफिश 1956 साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता आणि 1999 साली, 43 वर्षांचा होऊन मेला. तोही अखेरीस केशरीचा रुपेरी झाला होता. तुमच्या माशाच्या टाकीतील पाण्याचा जोर थोडा कमी करा, गोळ्या अधिक वेळ भिजवा, आणि ज्या हाताने अकरा वर्षे पाणी बदलले त्याच हाताने, त्याच वारी, तेवढेच पाणी बदलत राहा.